दोन थापा

द्वारका, सेक्टर ७
१० फेब्रुवारी २०१९

चि. अलकनंदा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. कागदावर लिहून वीस-बावीस वर्षं झाली. पोस्टिंगवर असताना तुझ्या आईला लिहायचो, तेव्हा सुभेदार मेजर चेष्टा करायचे, की हा पाना जेवढा घट्ट पकडतो तेवढंच पेनही पकडतो. अक्षर तसंच आहे, सांभाळून घे.

तुझं पाकीट परवा मिळालं. शाळेच्या लेटरपॅडवर एकच ओळ. ना मायना, ना खाली नाव. ‘आईने आवाज दिला नाही का?’

नाही. इंजिनाचा आवाज होता, धुकं होतं, मागचेपुढचे सगळे हॉर्न वाजवत होते. मला काही ऐकू आलं नाही. पोलिसांनाही मी हेच सांगितलं आणि त्यांनी तसंच लिहून घेतलं. शेगडीचंही सांगितलं आहे. डबे चढवताना गुणवंतने ती गाडीत मागे ठेवली होती, मसालेभात गरम राहावा म्हणून. डॉक्टर म्हणाले, कोळशाच्या गॅसला वास नसतो, धूर नसतो, माणसाला नुसती झोप येते. त्रास झाला नसेल म्हणाले.

गाडी ठाण्याच्या आवारात उभी आहे. केस संपेपर्यंत मिळणार नाही. मला नकोच आहे ती.

तुझ्या आईची लोकरीची कामं एका पिशवीत भरून ठेवली आहेत. एक पायमोजा अर्धाच विणलेला आहे, सुया तशाच अडकवलेल्या. काढू की राहू देऊ, तेवढं कळव.

बाबा

*

द्वारका
२६ फेब्रुवारी २०१९

चि. अलकनंदा,

पायमोज्याचं तू काही कळवलं नाहीस. दुसरा प्रश्न मात्र आला, ‘गाडी मागून इतकी बंद कशी होती?’

त्याचं उत्तर मी देऊ शकतो. ते काम माझं आहे.

तू गाडी पाहिली आहेस. आपली पिकअप, मागे वरून फायबरचा टप बसवलेला. मागच्या बाजूला खाली पडणारा फाळका आणि वर उचलायची काच. फाळका हा शब्द तुला माहीत नसेल, इकडे त्याला डाला म्हणतात. फाळका आणि काच यांच्यामध्ये करंगळी जाईल एवढी फट होती, दोन्ही कडांनाही होती. गाडी पळायला लागली की मागची सगळी धूळ त्या फटीतून आत ओढली जाते. पुढून वारा येतो तरी धूळ मागूनच कशी शिरते, असं तुझी आई विचारायची. मी तिला वही घेऊन चित्र काढून समजावलं होतं. ती म्हणाली, “अहो, मला चित्र नको. मला खोकला आहे, तो थांबवा.”

दिवाळीनंतर सरोजिनी नगरला एका साखरपुड्याच्या जेवणाची ऑर्डर केली. तिथे कुणीतरी भाताचा पहिला घास घेतला आणि म्हणालं, कचकच लागते. दुसऱ्या दिवशी मी काश्मिरी गेटला गेलो. दुकानदार म्हणाला, “अंकल, डाले की रबड़ चाहिए? ले जाओ, बीस मिनट का काम है.” वीस मिनिटांत लावणारे लावतात. मी दोन दिवस लावले.

फाळका खोलून कडा थिनरने पुसल्या, तीनदा. जुना रंग घासून काढला. रबराची गुंडाळी छतावर उन्हात पसरून ठेवली, नाहीतर ते नंतर आक्रसतं आणि कोपऱ्यात उघडं पडतं. कोपरे ब्लेडने तिरके कापून एकमेकांना भिडवले. मग फाळका लावून चोवीस तास उघडायचा नाही. वर्कशॉपमध्ये आम्ही नदीतून जाणाऱ्या गाड्या सील करायचो, तिथे ‘चालेल’ हा शब्द नव्हता. फाळक्यात कागदाचा तुकडा धरून बंद करायचा आणि ओढायचा. कागद सुटला तर काम कच्चं, फाटला तर पक्कं. चारी बाजूंनी फाटला.

शेवटी उजेड तपासायचा राहिला. त्यासाठी कुणीतरी आत बसावं लागतं. तुझी आई पाटावर बसली. मी सांगितलं, कुठून उजेड दिसला तर पत्र्यावर एक थाप मार, सगळं बंद असेल तर दोन. एसटीची घंटी असते ना, तसं. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. फाळका बंद केला. बराच वेळ काही नाही. मग दोन थापा आल्या. उघडलं तर हसत होती. म्हणाली, “अंधार गुडुप. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात तसं बांधलंत मला.”

डिसेंबरमध्ये तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, धूळ लागू द्यायची नाही, काळा चष्मा काढायचा नाही. तेव्हा मला वाटलं होतं, बरं झालं वेळेवर लावलं.

तुझ्या प्रश्नाचं हे उत्तर. बंद होती, कारण मी ती नीट बंद केली होती.

बाबा

*

द्वारका
१९ मार्च २०१९

चि. अलकनंदा,

आज सकाळी गुणवंत आला होता. दारातच उभा राहिला, आत येईना. सहा वर्षं या घरात चप्पल काढून थेट स्वयंपाकघरात शिरणारा माणूस. मी म्हटलं, “अरे ये की.” तर म्हणाला, “नाही जी, इथंच ठीक आहे.”

त्याच्याकडून कळलं की तू ठाण्यात अर्ज पाठवला आहेस. गुणवंतने निष्काळजीपणाने पेटती शेगडी ठेवली, त्यामुळे आई गेली, कडक कारवाई व्हावी. अर्जाची झेरॉक्स त्याच्या वकिलाने त्याला दिली. मराठीचा तिथे हिंदी तर्जुमा केलाय, पण सही तुझी आहे, ओळखली. आधी नुसता जबाब होता, आता मुलीचा अर्ज जोडला गेल्यावर चार्जशीट होणार असं म्हणतात. ज्या मेसमध्ये तो रोजचं काम करायचा तिथे पोलीस चौकशीला गेले. मेसवाले त्याला दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस म्हणाले.

मी चहा केला. त्याने कप कठड्यावर ठेवला आणि म्हणाला, “सुभेदारसाहेब, एक विचारू? शेगडी मी ठेवली होती का?”

मी माझा कप उचलला.

“नाही, मला आता आठवेनासं झालं आहे. रोज रोज तेच विचारतात ना. तुम्ही मागून ठेवली असंन एखादवेळी, मी पुढं काच पुसत होतो. पण तुम्ही सांगता म्हणजे मीच ठेवली असंन. तुम्ही काय खोटं सांगानं जी?”

अलकनंदा, शेगडी मी ठेवली. भातासाठी नव्हे. भात डब्यांत होता, घोंगडीत गुंडाळलेला, त्याला शेगडीची गरज नव्हती. चार डिग्री थंडी होती आणि तुझ्या आईचे गुडघे धरतात. मी बाल्कनीत कोळसे फुलवले, वर राख पसरली आणि शेगडी तिच्या पायाशी ठेवली. ती म्हणाली, “अजून जवळ सरकवा.” मी सरकवली.

आदल्या हिवाळ्यात याच शेगडीजवळ बसून ती सात-आठ वेळा गेली-आली होती. काही झालं नव्हतं. फट होती.

हॉस्पिटलमध्ये हवालदाराने विचारलं, “अंगीठी किसने रखी?” गुणवंत समोर भिंतीला टेकून रडत होता. माझ्या तोंडून त्याचं नाव गेलं. का गेलं ते मला सांगता येत नाही. सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हाताखालच्या माणसावर मी कधी ढकललं नाही.

तू अर्ज मागे घे. एवढंच मागणं आहे.

बाबा

*

द्वारका
८ एप्रिल २०१९

अलकनंदा,

तुझं उत्तर वाचलं. ‘अर्ज तुमच्या शब्दावर केला होता. आता कोणत्या शब्दावर मागे घेऊ? तुम्हीच ठाण्यात जा. आणि गुणवंतदादा पुढे आणि आई मागे, हे कुणी ठरवलं?’

बरोबर आहे. शाळेत मुलांच्या वह्या तपासतेस, तशीच माझी तपासतेस.

मी ठरवलं. गुणवंत मागेच बसायला निघाला होता. एक पाय आत टाकलाही होता. म्हणाला, “काकूंना पुढं घ्या जी, मी डबे धरतो.” पण धुकं इतकं होतं की बॉनेटपुढचं दिसत नव्हतं. अशा वेळी डावीकडे बसणाऱ्याने काच खाली करून डोकं बाहेर काढायचं आणि रस्त्याची कड सांगत राहायचं. तुझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. ती काय सांगणार होती? आणि थंड वारा डोळ्याला लागू द्यायचा नव्हता. मी म्हटलं, “सुमित्रा, तू मागे ऊबेला बस.”

हळदीकुंकवाला अकरापर्यंत पोचायचं होतं. मंडळाच्या वृंदाताईंचा सहाला फोन आला, “गुळाच्या पोळ्या मोडू देऊ नका हं, मागच्या वर्षी निम्मा चुरा झाला होता.” म्हणून पोळ्यांची टोपली तिने मांडीवर घेतली. सात वाजून दहा मिनिटांनी मी फाळका लावला. सरोजिनी नगरला उघडला तेव्हा आठ पस्तीस झाले होते. उघडताना रबराचा आवाज झाला, हवाबंद डब्याचं झाकण निघतं तसा. टोपली मांडीवरच होती. एकही पोळी मोडली नव्हती.

साठीच्या बाईला टोपांबरोबर मागे कोंबून नेता, असं तू दोन वर्षांपूर्वी म्हणाली होतीस आणि मी तुझ्यावर चिडलो होतो. तुझी आईही चिडली होती, तुझ्यावरच. तिला ते काम आवडायचं. हे मी माझ्या बाजूने लिहीत नाही. फक्त खरं आहे म्हणून.

ठाण्यात जाईन. पण तिथे जायच्या आधी अजून एक गोष्ट आहे. ती आज लिहून होत नाही.

बाबा

*

द्वारका
१ मे २०१९

अलकनंदा,

तीन आठवड्यांत हे पत्र चार वेळा लिहिलं. आता जसं येईल तसं.

तुझा पहिला प्रश्न होता, आईने आवाज दिला नाही का. मी लिहिलं, नाही. तुला आठवतं, लहानपणी मी सुट्टीवर आलो की वाघाच्या आणि दरीच्या गोष्टी सांगायचो आणि तू म्हणायचीस, “बाबा, थापा नका मारू.” दिल्लीत वाढून तुझे निम्मे मराठी शब्द गेले, पण तो राहिला. तर मी पोलिसांकडे दोन थापा मारल्या. एक शेगडीची. दुसरी, काही ऐकू आलं नाही, ही.

पालमचा पूल उतरलो तेव्हा मागून पत्र्यावर आवाज आला. दोनदा. थप, थप. चांगला स्पष्ट.

मी हसलो. खरंच हसलो. मला वाटलं, तपासणीच्या दिवसाची आठवण काढतेय. सगळं बंद, सगळं ठीक, चला. मी गुणवंतला म्हटलं, “काकू खूश आहेत मागे.” त्याचं डोकं खिडकीबाहेर, कानावर मफलर. “काय जी?” म्हणाला. मी म्हटलं, “काही नाही, तू कड बघ.” आणि तिला कळावं म्हणून हॉर्न वाजवला. दोनदा.

म्हणजे मी तिला उत्तर दिलं. तिला वाटलं असेल, ह्यांनी ऐकलं, आता थांबतील.

धौला कुआँच्या अलीकडे गाड्या अडकल्या होत्या. तिथे पुन्हा वाजलं. यावेळी हळू. मधे वेळ गेला आणि मग दुसरी. मी मोजल्या. दोन. इंजिन नुसतं गुरगुरत होतं, गाडी उभी होती. उतरून दहा पावलं चालायचं होतं. मी पुन्हा हॉर्न वाजवला. त्यानंतर आवाज आला नाही आणि मला वाटलं, डुलकी लागली असेल. ऊब आहे ना.

एक मारली असती तर मी त्या क्षणी ब्रेक मारला असता. नियमच तसा होता आणि तो माझाच होता. पण जीव घुसमटत असताना थापा मोजून कोण मारतं? आणि आणखी एक गोष्ट, जी मला मार्चमध्ये आठवली आणि तेव्हापासून जात नाही. घरात ती कोणतंही दार दोनदाच वाजवायची. तुझ्या अभ्यासाच्या खोलीचं, बाथरूमचं, शेजारच्या लतिकाबाईंचं. दोनदा, आणि मग “अहो, उघडता का?” तू हे माझ्यापेक्षा जास्त ऐकलं असशील. मी घरी असायचो कुठे?

हे मी गुणवंतला सांगितलं नाही. त्याला आठवत असेल की मी काहीतरी म्हणालो होतो. तो ते कधी बोलला नाही. त्याला कळलं नसेल, किंवा कळलं असेल.

तू मला विचारलंस तो प्रश्न मी रोज सकाळी वाचतो. कागद उशाशी आहे. आवाज दिला. चार थापा दिल्या. मी सगळ्या ऐकल्या.

सोमवारी ठाण्यात जातो.

बाबा

*

द्वारका
२२ मे २०१९

अलकनंदा,

सोबत जबाबाची प्रत आहे. तुझा अर्ज मागे घेतल्याचं कागदावर आलं, ते तपास अधिकाऱ्यांनी दाखवलं. गुणवंतचं नाव काढण्यासाठी ते कोर्टात लिहून देतील. वेळ लागेल, पण निघेल. त्याच्या जागी माझं चढेल. ते म्हणाले, वकील करा. मी म्हटलं, बघू.

जबाब एका तरुण हवालदाराने लिहून घेतला. समजून घ्यायचा प्रयत्न करत होता बिचारा. शेगडीचं लगेच लिहिलं. थापांशी आल्यावर पेन थांबलं.

“अंकल जी, दो बार आवाज़ आई. मतलब मदद के लिए?”

“नहीं. हमारे यहाँ दो का मतलब, सब ठीक.”

“तो मैडम ठीक थीं?”

“नहीं.”

“तो फिर एक बार क्यों नहीं मारा?”

मी त्याला एसटीची घंटी सांगितली, रबर सांगितलं, उजेडाची तपासणी सांगितली. त्याने सगळं ऐकलं, पाणी मागवलं, मग एक ओळ लिहून मला वाचून दाखवली. ‘आवाज़ सुनी, गाड़ी नहीं रोकी.’

“ठीक है?” म्हणाला.

तीन महिने मी पानंच्या पानं लिहितोय, अलकनंदा. ती एवढीच होती. मी खाली सही केली.

गुणवंत बाहेर झाडाखाली बसला होता. मी न बोलावता आला होता. मी त्याला सगळं सांगितलं, हॉर्नसकट. तो काडीने मातीत रेघा ओढत बसला. मग म्हणाला, “मफलर काढला असता तर मला बी ऐकू आलं असतं जी.” मी म्हटलं, “तू नको यात पडू.” तो उठला आणि बसस्टॉपकडे चालू लागला. नमस्कार केला नाही. ते योग्यच झालं.

नंतर पंचनाम्याची एक गोष्ट राहिली होती म्हणून मला गाडीपाशी नेलं. चार महिने उघड्यावर उभी आहे. त्यात या महिन्यात तीन आंध्या होऊन गेल्या, इकडची धुळीची वादळं. पांढरी गाडी मातीच्या रंगाची झाली आहे, काचेवर कुणीतरी बोटाने शिवी लिहिली आहे. फाळका मला उघडायला सांगितला, कारण त्यांच्याने उघडेना. ते म्हणाले, जाम झाला. जाम नव्हता झाला. खिट्टी ओढून आधी डावा कोपरा खेचायचा असतो.

शेगडी त्यांनी जानेवारीतच जप्त केली होती. पाट तसाच होता. पाटाखाली तुझ्या आईचा काळा चष्मा सापडला. कुणाला दिसला नव्हता. हवालदार म्हणाला, ठेवून घ्या, याची नोंद नाही.

मी काचेच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवलं. मग पाटावरून, मग खालच्या पत्र्यावरून, पार कोपऱ्यापर्यंत, जिथे रबर तिरकं कापून भिडवलं होतं.

कुठेही धुळीचा कण नव्हता.

चष्मा वेगळ्या पार्सलने पाठवला आहे. डबा घरातलाच आहे, घट्ट झाकणाचा. उघडताना जपून.

सूर्यकांत